गावतळे दर उन्हाळ्यात हिरवे का होते, आणि त्यात मोरचूद टाकावे का?

पंचगंगाकाठ (प्रश्नकर्ता)

नमस्कार. कोल्हापूर जिल्ह्यातील आमच्या गावाला एक जुने तळे आहे. त्याचा पाणपसारा सुमारे २ हेक्टर असून सरासरी खोली २ मीटर भरेल. गावाला नळाचे पाणी आल्यापासून ते पिण्यासाठी कोणी नेत नाही. मात्र जनावरे त्यातच पाणी पितात, म्हशी त्यातच डुंबतात आणि घाटावर धुणेही चालते. उत्तरेला बांधाला लागून उसाचे फड आहेत, तर पश्चिमेकडून गावातील साधारण ६० घरांचे गटार तळ्यात उतरते.

गेली चार-पाच वर्षे फेब्रुवारीच्या मध्यापासून पाण्याला हिरवी झाक येऊ लागते आणि एप्रिलपर्यंत वाऱ्याच्या दिशेच्या काठावर हिरव्या रंगाची साय साचून तिला कुबट वास सुटतो. यंदा मार्चअखेरीस दोन दिवस आभाळ भरून आले आणि तिसऱ्या दिवशी पहाटे शेकडो मासे वर येऊन मेलेले दिसले. कोणीतरी विष कालवले अशी गावात वदंता पसरली, परंतु तसा काही पुरावा मिळालेला नाही. तीन वर्षांपूर्वी लोकवर्गणीतून गाळ काढला होता. त्यानंतर एक उन्हाळा पाणी बऱ्यापैकी निवळ राहिले आणि पुढच्याच वर्षी पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

पुढील ग्रामसभेत यावर निर्णय घ्यायचा आहे. एका गटाचे म्हणणे असे की मोरचूद (कॉपर सल्फेट) टाकावे, म्हणजे आठ दिवसांत पाणी स्वच्छ होईल. दुसऱ्या गटाला एका विक्रेत्याने जिवाणूंचे द्रावण सुचवले आहे. तिसरे म्हणतात की केंदाळ (जलपर्णी) काढून टाकले होते तेच चुकले, कारण ते होते तेव्हा पाणी इतके हिरवे नव्हते. कोल्हापूर शहरातील रंकाळा तलावाचे उदाहरण आम्हा सर्वांच्या डोळ्यांसमोर आहे. तिथे शहराचे नाले मिसळत राहिले आणि पाण्यावर हिरवा तवंग येत राहिला, हे आम्ही पाहिले आहे. पण आमच्या गावाजवळ कारखाना नाही की मोठी वस्ती नाही. मग एवढ्याशा गटारामुळे आणि चार म्हशींमुळे इतके पाणी हिरवे होऊ शकते का? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

निवळी

आपण प्रश्न नेमक्या तपशिलांसह मांडला आहे, त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले. मी महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवत असे आणि तळ्यांतील शेवाळ हा माझ्या आवडीचा विषय आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

शेवाळाला वाढण्यासाठी सूर्यप्रकाश, कार्बन, नायट्रोजन, फॉस्फरस आणि इतर काही मूलद्रव्ये लागतात. यांपैकी जे सर्वांत तुटपुंजे असते, त्यावर वाढीची मर्यादा ठरते. गोड्या पाण्यात हे तुटपुंजे द्रव्य बहुधा फॉस्फरस असते. कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतात संशोधनासाठी राखून ठेवलेली अनेक तळी आहेत. तेथे डेव्हिड शिंडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये '२२६ क्रमांकाचे तळे' मधोमध प्लास्टिकचा पडदा लावून दोन भागांत विभागले. एका भागात त्यांनी कार्बन आणि नायट्रोजन घातले. दुसऱ्या भागात तेच घालून शिवाय फॉस्फरस घातला. पहिला भाग होता तसाच राहिला आणि दुसरा हिरवागार झाला. विमानातून घेतलेल्या त्या छायाचित्रात पडद्याच्या अलीकडचे आणि पलीकडचे पाणी दोन वेगळ्या तळ्यांचे वाटावे इतका फरक दिसतो. त्या काळी साबण-कंपन्यांच्या बाजूने असा युक्तिवाद होत होता की दोष फॉस्फेटचा नसून कार्बनचा आहे. या एका छायाचित्राने तो वाद जवळपास मिटवला.

आता आपल्या शंकेकडे वळतो. 'एवढ्याशा गटारामुळे' हे शब्द किती फसवे आहेत ते हिशेबाने पाहू. २ हेक्टर गुणिले २ मीटर म्हणजे ४०,००० घनमीटर, अर्थात ४ कोटी लिटर पाणी. सर्वसाधारणपणे वापरल्या जाणाऱ्या वर्गवारीनुसार एका लिटर पाण्यात ३५ मायक्रोग्रॅमहून अधिक फॉस्फरस असेल तर ते पाणी अतिपोषित मानले जाते आणि १०० मायक्रोग्रॅमच्या पुढे ते फारच बिघडलेले समजले जाते. आपल्या पूर्ण तळ्यासाठी हे आकडे अनुक्रमे १.४ किलो आणि ४ किलो एवढेच येतात. डीएपी खताच्या, म्हणजे १८:४६ च्या ५० किलोच्या एका पोत्यात मूलद्रव्याच्या रूपात सुमारे १० किलो फॉस्फरस असतो. तेव्हा आपले तळे हिरवे व्हायला कारखाना लागत नाही, अर्ध्या पोत्याइतका फॉस्फरस पुरतो. माणसाच्या मलमूत्रातून वर्षाला माणशी साधारण अर्धा किलो फॉस्फरस बाहेर पडतो. ६० घरांत ३०० माणसे धरली तर हा आकडा १५० किलो होतो. त्यातला दहावा भाग जरी सेप्टिक टँकच्या तोंडातून गटारात आणि गटारातून तळ्यात पोहोचत असेल, तरी तो दर वर्षी १५ किलो झाला. शेणाचा आणि धुण्याच्या पावडरीचा हिशेब मी यात धरलेलाच नाही.

शेतात टाकलेले सर्व खत पाण्यात येते असे मात्र समजू नये. फॉस्फरस मातीच्या कणांना घट्ट चिकटतो आणि जागचा फारसा हलत नाही. तो येतो तो वाहून येणाऱ्या मातीबरोबर, वळवाच्या पहिल्या जोरदार सरींत. युरियातील नायट्रोजनाचे तसे नाही, तो पाण्यात विरघळून झिरपत जातो. त्यामुळे शेताच्या बाजूने आपला खरा शत्रू धूप हा आहे, निव्वळ खत नव्हे.

मासे मेले त्याला विषाची गरज नव्हती. दाट शेवाळ दिवसा प्राणवायू सोडते, परंतु रात्री श्वसनासाठी तोच प्राणवायू वापरते. आभाळ भरलेले असताना दिवसाची जमा कमी होते आणि रात्रीचा खर्च तसाच राहतो, त्यामुळे पहाटेच्या सुमारास पाण्यातील विरघळलेला प्राणवायू लिटरमागे २ मिलिग्रॅमच्याही खाली जाऊ शकतो. सलग दोन ढगाळ दिवस आणि तिसऱ्या पहाटे मरतूक, हे आपले वर्णन या कारणाशी तंतोतंत जुळते.

मोरचुदाबद्दल माझे मत स्पष्ट आहे: टाकू नये. मोरचुदाने शेवाळ मरते यात शंका नाही. पण एकदम मेलेले शेवाळ कुजताना उरलासुरला प्राणवायूही संपवते, त्यामुळे माशांची दुसरी मरतूक होण्याचा संभव असतो. शेवाळ खाणारे सूक्ष्म जलजीव मोरचुदातील तांब्याने मरतात, म्हणजे आपण आपलेच मजूर मारतो. तांबे गाळात साचत जाते. आणि शेवाळात अडकलेला फॉस्फरस पुन्हा पाण्यात मोकळा होऊन शेवाळाच्याच पुढच्या पिकाला खत म्हणून मिळतो.

याहून गंभीर बाब म्हणजे आपण म्हणता ती हिरव्या रंगाची साय. ती बहुधा नील-हरित शेवाळाची, म्हणजे सायनोबॅक्टेरियाची असावी. नावात शेवाळ असले तरी हे प्रत्यक्षात जिवाणू आहेत; त्यांच्या पेशींत वायूच्या सूक्ष्म पिशव्या असल्याने ते वर तरंगतात. त्यांतील काही प्रकार यकृताला घातक असे मायक्रोसिस्टिन नावाचे विष तयार करतात. हे विष बव्हंशी पेशींच्या आत असते आणि मोरचुदाने पेशी फुटल्या की पाण्यात उतरते. ऑस्ट्रेलियातील एका सरोवराच्या काठी अशीच साय प्यायल्याने गुरे-मेंढ्या दगावल्याची नोंद १८७८ इतकी जुनी आहे. साय असेल त्या दिवसांत जनावरांना त्या काठावर सोडू नये, हे मी सर्वांत आधी सांगायला हवे होते.

घरच्या घरी एक चाचणी करता येईल. पारदर्शक बरणी तीन-चतुर्थांश भरून पाणी घ्यावे आणि ती रात्रभर फ्रिजमध्ये न हलवता ठेवावी. हिरवा थर वर तरंगला तर नील-हरित शेवाळाचा दाट संशय घ्यावा. तळाशी बसला तर बहुधा इतर शेवाळ असते. पाणी घेताना हातमोजे वापरावेत. ही चाचणी विष आहे की नाही ते सांगत नाही, फक्त जात कोणती याचा अंदाज देते.

कटला-रोहू

वरील प्रतिसाद माहितीपूर्ण आहे, तरीही मत्स्यशेतकऱ्याच्या नजरेतून एक गोष्ट नोंदवणे आवश्यक वाटते. हिरवे पाणी म्हणजे वाईट पाणी, असे सरसकट म्हणता येत नाही. आम्ही शेततळ्यात मुद्दाम शेण आणि सिंगल सुपर फॉस्फेट टाकतो, कारण त्यावर प्लवंग (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव) वाढतात आणि कटला, रोहू, चंदेरा या माशांचे ते नैसर्गिक खाद्य आहे. प्रश्न हिरवेपणाच्या प्रमाणाचा आहे. काळ्या-पांढऱ्या तबकडीने पारदर्शकता मोजली असता ती २५ ते ४० सेंटिमीटर असावी, असा आमचा साधारण ठोकताळा आहे. तबकडी नसेल तर कोपरापर्यंत हात पाण्यात घालून पाहतात. पाणी मनगटापर्यंत येताच तळहात दिसेनासा झाला तर खत त्या दिवसापासून बंद करायचे.

यावरून माझा प्रश्न असा आहे की आपले तळे मासेमारीसाठी ठेक्याने दिले आहे का? दिले असेल तर ठेकेदार तळ्यात काय टाकतो, याची चौकशी आधी करावी. शेततळे आणि गावतळे यांत मोठा फरक आहे. शेततळ्याचे पाणी आम्ही बदलू शकतो, एरेटर (पाण्यात हवा मिसळणारे यंत्र) लावू शकतो, मासे वेळेवर काढू शकतो. गावतळ्यात यांपैकी काहीच होत नाही आणि गटारातून फुकटचे खत येतच असते. त्यात आणखी ट्रॉलीभर शेण ओतणे म्हणजे पोट भरलेल्याला पुन्हा पंगतीला बसवणे होय.

आणखी एक सूचना. सायप्रिनस हा मासा तळाचा गाळ उकरून अन्न शोधतो, त्यामुळे गढूळपणा वाढतो आणि गाळातील खत वर येते. पुढच्या वेळी बीज सोडताना तो टाळावा. गवत्या माशाने पाणवनस्पती संपतात, पण त्याने खाल्लेले बरेचसे विष्ठेच्या रूपाने पाण्यातच परत येते आणि शेवाळाला मिळते, हेही ध्यानात ठेवावे.

पंचगंगाकाठ

दोघांचेही आभार. होय, तळे ठेक्याने दिलेले आहे, आणि ही बाब प्रश्नात लिहिण्याचे मला सुचलेही नव्हते. आज चौकशी केली तेव्हा समजले की दरवर्षी ऑगस्टपासून दर महिन्याला दोन ट्रॉल्या शेण उत्तरेच्या कोपऱ्यात ओतले जाते. करारात त्याला बंदी नाही. गाळ काढल्यानंतर पुन्हा पाणी हिरवे का झाले, हे मात्र अजून पुरते उलगडले नाही, कारण शेण त्या आधीही टाकले जात होते आणि तरीही मधले एक वर्ष पाणी चांगले होते.

डोह

मी पाणीपुरवठ्याच्या कामांवर अभियंता म्हणून बरीच वर्षे काढली आहेत, त्यामुळे गाळाविषयी लिहितो.

तळ्यात आलेला फॉस्फरस पाण्यात थोडा आणि गाळात फार असतो. गाळातील लोह त्याला धरून ठेवते, परंतु ही पकड तळाशी प्राणवायू असेपर्यंतच टिकते. उन्हाळ्यात तळाचा प्राणवायू संपला की लोहाचे रूप बदलते आणि धरलेला फॉस्फरस सुटून वर येतो. म्हणजे बाहेरून एक थेंब न येताही तळे स्वतःच्याच जुन्या साठ्यातून हिरवे होऊ शकते. आपण गाळ काढला तेव्हा हा साठा गेला, म्हणून एक वर्ष चांगले गेले. पण गटार आणि शेण चालूच राहिल्याने नवा, पातळ आणि फॉस्फरसाने भरलेला थर तयार झाला. काम चुकीचे नव्हते, फक्त त्याचा क्रम उलटा झाला.

याला दोन्ही बाजूंची उदाहरणे आहेत. अमेरिकेतील सिॲटल शहरालगतच्या वॉशिंग्टन सरोवरात सांडपाणी मिसळत असल्याने ते हिरवे झाले होते. १९६३ ते १९६८ या काळात सांडपाणी टप्प्याटप्प्याने दुसरीकडे वळवले आणि काही वर्षांतच पाण्याची पारदर्शकता परत आली. ते सरोवर खोल आहे, म्हणून गाळाने फारसा त्रास दिला नाही. याउलट स्वीडनमधील ट्रुमेन हे उथळ सरोवर; त्यात येणारे सांडपाणी १९५० च्या दशकातच बंद केले, तरी दहा वर्षांनंतरही ते सुधारले नाही, कारण गाळ खत सोडत राहिला. शेवटी १९७० आणि १९७१ मध्ये गाळाचा वरचा सुमारे मीटरभर थर उपसला आणि मग पाणी निवळले. आपले तळे ट्रुमेनच्या जातीचे, उथळ आहे. तेव्हा आधी गटार, मग गाळ, हा क्रम सोडून चालणार नाही.

गटारासाठी मोठ्या शुद्धीकरण केंद्राची आवश्यकता नाही. घरोघरी शोषखड्डे घेता येतील तिथे घ्यावेत. जिथे जागा नाही त्यांचे पाणी चर खणून सांडव्याच्या खालच्या अंगाला न्यावे. ते तिथेही थेट ओढ्यात सोडू नये, आधी एका टाकीत निवळू द्यावे आणि मग कर्दळ, पाणकणीस अशा वनस्पतींच्या वाफ्यातून सोडावे. या वाफ्यांची एक मर्यादा प्रामाणिकपणे सांगतो: घाण आणि वास ते चांगले कमी करतात, फॉस्फरस मात्र तितकासा रोखत नाहीत, आणि जो रोखतात तोही वनस्पती वेळोवेळी कापून बाहेर नेल्या तरच. म्हणूनच पाणी तळ्याच्या खाली वळवणे हे शुद्ध करून तळ्यात सोडण्यापेक्षा बरे.

उत्तरेच्या बांधाला उसाच्या फडापासून आठ-दहा मीटरचा गवताचा पट्टा सोडता आला, तर वाहून येणारी माती तिथे अडेल. शेतकरी ही जागा सहजासहजी देणार नाहीत, हे मी जाणतो. निदान लागणीच्या वेळी खत मातीआड होईल आणि वळवाच्या तोंडावर उघड्यावर पडून राहणार नाही, इतके तरी त्यांच्याकडून मान्य करून घ्यावे. काढलेला गाळ शेतात पसरण्यास हरकत नाही. शेतातून गेलेला फॉस्फरस शेतात परत जातो. फक्त तो उतारावर, पुन्हा तळ्यातच येईल असा टाकू नये, जे मी एकाहून अधिक ठिकाणी पाहिले आहे.

केंदाळाविषयी तिसऱ्या गटाचे निरीक्षण खरे आहे, निष्कर्ष अपुरा आहे. केंदाळ पाणी झाकून उजेड अडवते, म्हणून शेवाळ कमी दिसते. ते काढले की उजेड मिळून शेवाळ माजते. दोन्ही एकाच खतावर जगतात. केंदाळाखाली हवा आणि पाणी यांचा संपर्क तुटून प्राणवायू आणखी घटतो, त्यामुळे ते परत आणणे हा उपाय नव्हे. काढलेले केंदाळ काठावर ढीग घालून कुजू दिले असेल, तर त्यातील बरेचसे खत पावसाने पुन्हा तळ्यात गेले असे समजावे.

जिवाणूंच्या द्रावणाबद्दल थोडक्यात सांगतो. जिवाणू कुजणारे पदार्थ मोडतात, काही प्रमाणात नायट्रोजन हवेत घालवतात. पण फॉस्फरसाला वायुरूप होऊन उडून जाण्याची वाट नाही. तो पाण्यात, गाळात किंवा कोणाच्या तरी शरीरात राहतो. विक्रेत्याला एवढेच विचारावे की फॉस्फरस तळ्याबाहेर कोणत्या वाटेने जाणार. तुरटीने तो गाळात बांधून ठेवता येतो आणि ही पकड प्राणवायू संपला तरी सुटत नाही, परंतु मात्रा चुकून पाणी आम्लधर्मी झाल्यास माशांना धोका असतो. शिवाय गटार चालू असताना तुरटी टाकणे व्यर्थ आहे.

भीमाकाठ

मी उजनीच्या लाभक्षेत्रात राहतो. पुणे आणि पिंपरी-चिंचवड परिसराचे सांडपाणी मुळा-मुठा व भीमेतून उजनी जलाशयात येते आणि उन्हाळ्यात पाणीसाठा खालावला की हिरवे पाणी हा आमच्याकडे नित्याचा विषय होतो. धरणाची एकूण क्षमता सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट) असूनही ही स्थिती आहे; तेव्हा 'पाणी भरपूर आहे, घाण पातळ होईल' या भरवशावर कोणी राहू नये.

विषाच्या मुद्द्यावर एक भर घालतो, कारण आमच्याकडे पाणी उकळले की सर्व दोष गेले असे मानण्याची पद्धत आहे. मायक्रोसिस्टिन उकळल्याने जात नाही. उलट पाणी आटल्याने त्याचे प्रमाण वाढते. अमेरिकेतील टोलेडो शहराला ईरी सरोवरातून पाणीपुरवठा होतो. ऑगस्ट २०१४ मध्ये तेथील नळाच्या पाण्यात हे विष आढळले, तेव्हा ४ लाखांहून अधिक लोकांना जवळपास तीन दिवस पाणी पिऊ नका आणि उकळूनही पिऊ नका, असे सांगावे लागले. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यासाठी सुचवलेली मर्यादा लिटरमागे १ मायक्रोग्रॅम आहे. तुमच्या तळ्याचे पाणी कोणी पीत नाही हे बरे. परंतु तळ्यालगत एखादी पिण्याची विहीर असल्यास तिचे पाणी अवश्य तपासून घ्यावे.

निवळी यांच्या प्रतिसादाला एक छोटी हरकतही आहे. उथळ आणि आधीच फॉस्फरसाने भरलेल्या पाण्यात नायट्रोजनाकडे दुर्लक्ष करून चालत नाही, असे मानणारे संशोधकही आहेत. चीनमधील ताई सरोवर २००७ मध्ये सायनोबॅक्टेरियाने इतके भरले की वूशी शहरातील सुमारे २० लाख लोकांचा पाणीपुरवठा काही दिवस बाधित झाला. तेथे दोन्ही द्रव्ये कमी करावीत असा निष्कर्ष अनेकांनी काढला.

निवळी

भीमाकाठ यांची हरकत रास्त आहे. माझे म्हणणे इतकेच की नील-हरित शेवाळाचे काही प्रकार हवेतील नायट्रोजन स्वतः बांधू शकतात, त्यामुळे केवळ नायट्रोजन कमी केल्यास त्यांचेच फावते. मायक्रोसिस्टिस हा प्रकार मात्र तसे करू शकत नाही, आणि ताई सरोवरात मुख्यत्वे तोच होता. सुदैवाने प्रस्तुत तळ्यात हा वाद सोडवल्याशिवाय काम अडत नाही, कारण गटार वळवले आणि शेण थांबवले की दोन्ही द्रव्ये एकदमच कमी होतात.

पंचगंगाकाठ

बरणीची चाचणी केली. सकाळपर्यंत जवळपास सर्व हिरवा थर वर येऊन बसला होता आणि खालचे पाणी स्वच्छ होते. त्याच दिवशी घाटाशेजारी जनावरांसाठी नळाच्या पाण्याची टाकी भरून ठेवण्याची व्यवस्था केली आणि वाऱ्याच्या बाजूचा काठ दोर लावून बंद केला. तळ्यापासून तीस-चाळीस पावलांवर एक विहीर आहे, तिचा नमुना तपासणीला देणार आहे.

ग्रामसभेसाठी मोरचूद आणि द्रावण हे दोन्ही प्रस्ताव मागे घेण्यास संबंधितांनी संमती दिली आहे. अर्ध्या पोत्याचा हिशेब त्यांना पटला. ठेक्याचा करार जूनअखेर संपतो, त्यामुळे नव्या करारात शेण व खत टाकण्यास मनाई आणि सायप्रिनसचे बीज न सोडण्याची अट घालता येईल. गटार वळवण्यासाठी सांडव्याच्या खालपर्यंत सुमारे २२० मीटरचा चर लागेल आणि वाटेत दोन खासगी शेते आहेत. त्यांपैकी एकाने होकार दिला आहे, तर दुसऱ्याची मागणी अशी की चर उघडा न ठेवता सिमेंटचे नळ घालावेत. डोह यांना एक विचारायचे आहे: उतार फारच कमी आहे, २२० मीटरला जेमतेम एक मीटर. एवढ्या उतारावर नळ गाळाने भरणार नाहीत ना?

डोह

२२० मीटरला एक मीटर उतार पुरेसा आहे, मात्र दोन अटींवर. गटार नळात शिरण्यापूर्वी रेती बसण्यासाठी एक छोटा हौद हवा आणि तो दर महिन्याला उपसला गेला पाहिजे. दर ३० मीटरवर, तसेच नळ जिथे वळतो तिथे, झाकण असलेली तपासणी-चेंबर ठेवावीत. व्यास २०० मिलिमीटरपेक्षा कमी घेऊ नये. पावसाचे पाणी या नळात घेऊ नका; त्यासाठी जुना मार्गच तळ्याकडे राहू द्या, नाहीतर तळे भरायचेच राहून जाईल.